स्वातंत्र्याचें मोल कोणी द्यावें?

व्यक्तिस्वातंत्र्याविषयीं वाद निघाला म्हणजे तो बहुधा एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत राहतो, आणि तो प्रश्न म्हणजे व्यक्तीला स्वातंत्र्य किती असावें हा. एक पक्ष म्हणतो, शक्य तितकें असावें. दुसरा म्हणतो, समाजाला झेपेल तितकेंच असावें. आणि मर्यादेची रेघ कोठें आंखावी याची मोजणी करण्यांत दोन्ही पक्षांचा वेळ जातो. ही मोजणी निरर्थक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तिच्या आड एक दुसरा प्रश्न दडून राहतो, आणि घरोघरीं माणसाची कसोटी लागते ती त्या दुसऱ्या प्रश्नापाशीं. मीं माझें स्वातंत्र्य वापरलें तर त्याचें मोल कोणाला द्यावें लागेल, आणि तें देणाराला मीं आधीं विचारलें आहे काय? आज या प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे. तो करण्यास आम्हांला भाग पाडणारी एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. कारण तींत आमच्याकडेहि थोडा दोष येतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थी सल्ला विचारण्यासाठीं घरीं आला. त्याचें दुसऱ्या जातींतील एका मुलीवर प्रेम होतें. दोघेंहि सज्ञान, सुशिक्षित, आणि दोघांचाहि निश्चय पक्का. विरोध होता तो गांवाकडील भावकीचा. "सर, आयुष्य माझें, निर्णय माझा, यांत तिसऱ्याचा संबंध काय?" असा त्याचा रोकडा सवाल होता. आम्ही त्या सुमारास मिल्लचा स्वातंत्र्यावरील निबंध शिकवीत होतों. उत्तर जिभेवर तयारच होतें. तें आम्हीं त्याला ऐकविलें, त्याची पाठ थोपटली, आणि आपण एका तरुणाला धैर्य दिलें या समाधानांत त्या रात्रीं स्वस्थ झोंपलों. पुढें कांहीं महिन्यांनीं त्यानें नोंदणी करून लग्न केलें व दूरच्या शहरीं नोकरी धरली. घरीं ही बातमी पोंचली ती लग्न झाल्यावर, आणि तीहि परक्याच्या तोंडून.

नंतर काय झालें तें आम्हांला फार उशिरां कळलें. भावकीनें वडिलांशीं येणेंजाणें तोडलें. देवाच्या उत्सवांत त्यांचा मान होता तो गेला. आणि धाकट्या बहिणीचें जुळलेलें लग्न मुलाकडील मंडळींनीं मोडलें. मुलगा पैसे पाठवी, पण स्वतः गेला नाहीं. कांहीं कामानिमित्त शहरांत आलेले ते वडील एक दिवस आमच्याकडे आले. तक्रार करावी असा त्यांचा रोख नव्हता. ते इतकेंच म्हणाले, "साहेब, पोरानं केलं त्यांत वाईट कांहीं नाहीं. सून चांगली आहे म्हणतात. पण करण्याआधीं एक शब्द टाकला असता, तर आम्ही कंबर बांधून उभे राहिलों असतों. आम्हांला झोंपेंत गांठलं." हें वाक्य ऐकल्यावर आमच्या त्या रात्रींच्या स्वस्थ झोंपेची आम्हांला आठवण झाली व शरम वाटली.

मग आम्हीं सांगितलेलें तत्त्व खोटें होतें काय? मुळींच नाहीं. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधांत मिल्लचें म्हणणें असें आहे कीं, दुसऱ्याला इजा होत असेल तेव्हांच समाजानें किंवा सरकारनें व्यक्तीवर सक्ती करावी. ती व्यक्तीच्या हितासाठीं म्हणूनहि करूं नये, आणि तिचें वर्तन आपल्याला रुचत नाहीं म्हणून तर नाहींच. नावड ही इजा नव्हे. या न्यायानें पाहतां त्या विद्यार्थ्याचें कांहींच चुकलें नव्हतें. दंडास पात्र होती ती भावकी. परंतु मिल्लचें तत्त्व ज्या प्रश्नाचें उत्तर आहे तो प्रश्न असा: या मनुष्याला अडविण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? तो अधिकार नाहीं असें ठरलें, तरी त्या मनुष्यानें कसें वागावें हा प्रश्न जागच्या जागींच राहतो. तें तत्त्व शिपायाच्या हातची काठी आवरण्यासाठीं आहे. बापाला, बहिणीला किंवा बायकोला आपण काय देणें लागतों हें ठरविण्यासाठीं तें एकटें पुरत नाहीं. आमची चूक अशी झाली कीं, पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दुसऱ्या प्रश्नाला देऊन टाकलें.

विशेष हें कीं, ही गोष्ट खुद्द मिल्लला ठाऊक होती. त्याच निबंधाच्या शेवटच्या प्रकरणांत हुंबोल्ट या जर्मन पंडिताच्या एका मताचा त्यानें परामर्श घेतला आहे. विवाह मोडण्यास दोघांपैकीं एकाची इच्छा जाहीर झाली म्हणजे पुरे, असें हुंबोल्टचें मत. यावर मिल्ल म्हणतो कीं, ज्यानें आपल्या शब्दानें किंवा वागणुकीनें दुसऱ्याला आपल्यावर विसंबून राहण्यास लावलें, त्या दुसऱ्यानें आपल्या आयुष्याची मांडणी त्या भरंवशावर केली, तेथें नवीं नैतिक बंधनें उत्पन्न होतात. तीं मोडावीं लागलीं तर मोडावीं, पण त्यांचा विचारच न करणें हा अपराध आहे. स्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी असें लिहितो, आणि आम्ही अध्यापक मात्र तें पान घाईघाईनें उलटून पुढें जातों.

येथें दुसऱ्या बाजूचे वाचक हर्षभरित होऊन म्हणतील, "आम्ही तरी काय सांगत होतों? आईबापांना दुःख होईल असें कांहीं करूं नये!" त्यांना हा आनंद इतक्या लौकर उपभोगूं देणें योग्य नाहीं. आप्तांना झळ लागते म्हणून स्वातंत्र्य वापरूंच नये असा नियम केला, तर आपल्या समाजांत एकहि सुधारणा झाली नसती. आणि स्वातंत्र्य न वापरण्याचेंहि मोल असतें, तें कोणाला तरी द्यावेंच लागतें. महाराष्ट्राच्या इतिहासांतील दोन विवाह शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे हें स्पष्ट होईल.

१८७३ सालीं न्यायमूर्ति रानडे यांची पहिली पत्नी निवर्तली. रानडे विधवाविवाहाच्या चळवळीचे पुरस्कर्ते; त्या वेळीं वय एकतीस. त्यांनीं विधवेशीं विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांचा हट्ट त्याच्या उलट होता. रानड्यांनीं वडिलांचा शब्द मानला आणि अकरा वर्षांच्या मुलीशीं विवाह केला. पितृभक्ति ही कांहीं हलकी गोष्ट नव्हे, आणि परक्या माणसाच्या धर्मसंकटाचा निवाडा आरामखुर्चींतून करणें सोपें असतें. तथापि हिशेब मांडलाच पाहिजे. वडिलांचें दुःख टळलें. परंतु त्याचें मोल चळवळीनें दिलें, एखाद्या अनामिक विधवेनें दिलें, आणि जिला कोणी विचारलेंच नव्हतें त्या अकरा वर्षांच्या मुलीनें दिलें. रानड्यांची थोरवी पुढें दिसते. त्यांनीं त्या मुलीला शिकविलें. घरांतील बायकांचा त्यामुळें झालेला छळ तिनें सोसला, पण शिक्षण थांबलें नाहीं. आणि तीच रमाबाई रानडे होऊन १९०९ सालीं पुण्याच्या सेवासदनाच्या कार्यास लागली. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी ज्यांनीं वाचल्या असतील त्यांना हें सांगावयास नको. ज्याच्यावर आपल्या निर्णयाचा भार पडला त्याला आयुष्यभर हात देणें हें त्या घरांत घडलें. पण म्हणून तो भार पडलाच नव्हता असें होत नाहीं.

बरोबर वीस वर्षांनीं, १८९३ सालीं, फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्यापुढें तोच प्रसंग आला. तेहि विधुर होते, आणि कुमारिकेशीं विवाह करण्यास त्यांना कोणाचीच आडकाठी नव्हती. त्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. मुरुडच्या ग्रामस्थांनीं त्यांना वाळींत टाकलें. त्या बहिष्काराची झळ केवळ पुण्याच्या बिऱ्हाडीं राहिली नाहीं. ती गांवीं राहणाऱ्या आईला व भावालाहि लागली, आणि आपल्या आईच्या घरीं उतरणें मुलाला दुर्घट झालें. कर्व्यांचें स्वातंत्र्य इतरांना महाग पडलें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण पुढें पाहा. स्वतःचें लग्न झालें, आतां आपण सुखी, असें म्हणून ते स्वस्थ बसले नाहींत. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनीं विधवाविवाहाला साह्य करणारी मंडळी स्थापन केली, आणि १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम काढला. कर्व्यांनीं आपलें स्वातंत्र्य स्वतःपुरतें वापरून संपविलें नाहीं. ज्यांना तें मुळींच नव्हतें त्यांना त्याचा वांटा मिळावा म्हणून त्यांनीं उरलेलें दीर्घ आयुष्य खर्च केलें.

या दोन उदाहरणांवरून आम्हांला एक भेद स्पष्ट दिसूं लागला, आणि तोच या लेखाचा गाभा होय. दोष निराळा आणि जबाबदारी निराळी. मुरुडास कर्व्यांच्या आईला जो त्रास झाला त्याचा दोष कर्व्यांकडे नाहीं; तो बहिष्कार घालणाऱ्यांकडे आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या बहिणीचें लग्न मोडलें त्याचा दोष त्याच्याकडे नाहीं. तो लग्न मोडणाऱ्यांकडे आहे. अन्याय करणारानें आपलें पाप अन्यायाला न जुमानणाऱ्याच्या माथीं मारावें, ही युक्ति फार जुनी आहे, आणि पुष्कळ भलीं माणसेंहि तिला फसतात. "तूं असें केलेंस म्हणून त्यांनीं तसें केलें," हें वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडीं असतें. तें मान्य करूं नये. पण दोष आपला नाहीं एवढें सिद्ध झालें म्हणजे आपण मोकळे झालों, हेंहि मान्य करूं नये. जबाबदार म्हणजे ज्याला जाब विचारतां येतो तो. रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीनें पाडलेला मनुष्य पाहून थांबणें हें आपलें कर्तव्य असतें, मग गाडी आपली नसली तरी. तर मग आपल्या निर्णयामुळें, दुसऱ्याच्या दुष्टपणानें कां होईना, जें माणूस पडणार हें आपल्याला आधींच दिसत होतें, त्याच्याजवळ थांबण्याचें कर्तव्य किती अधिक!

कायद्यानें आपल्या परीनें पुष्कळ केलें आहे. सज्ञान व्यक्तीनें आपला जोडीदार निवडणें हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदानें रक्षिलेला हक्क आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें. आपल्या महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै २०१७ पासून अंमलांत आहे, आणि त्यांत तीन वर्षांपर्यंत कैदेची अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाची, किंवा दोन्हींची, शिक्षा आहे. मुरुडच्या ग्रामस्थांनीं जें उजळ माथ्यानें केलें तें आज गुन्हा ठरतें, ही लहान प्रगति नव्हे. परंतु न्यायालय हक्क सांगूं शकतें, दंड करूं शकतें. मोडलेल्या लग्नाच्या दिवशीं बहिणीच्या शेजारीं जाऊन बसूं शकत नाहीं. तें काम भावाचें.

आणि हा जाब केवळ तरुणांनाच विचारावयाचा आहे असें कोणी समजूं नये. वडीलधारीं माणसेंहि स्वातंत्र्य वापरीत असतात. फक्त त्याला तीं त्या नांवानें ओळखत नाहींत. मुलीचें शिक्षण अमक्या इयत्तेनंतर थांबवावें हें ठरविणारा बाप आपलें स्वातंत्र्यच वापरतो, आणि त्याचें मोल मुलगी देते. "लोक काय म्हणतील" असें म्हणून जो सोयरीक मोडतो तोहि एक स्वतंत्र निर्णयच करतो, पण लोकांच्या नांवावर खर्च टाकून. ज्या भावकीनें त्या वृद्धाला उत्सवांतून वगळलें तींतील प्रत्येक गृहस्थाला त्याच्याशीं बोलण्याचें स्वातंत्र्य होतें. तें त्यांनीं वापरलें नाहीं याचा जाब त्यांना कोण विचारणार?

तेव्हां स्वातंत्र्य वापरणारानें, तो विशीचा असो कीं साठीचा असो, तीन गोष्टी पाहाव्या असें आम्हांला वाटतें. आपल्या निर्णयाचा भार कोणाकोणावर पडणार याचा प्रामाणिक हिशेब करावा. ज्यांच्यावर तो पडणार त्यांना तें आधीं सांगावें. ही परवानगी मागणें नव्हे, सावध करणें आहे, आणि मनुष्याला मनुष्य म्हणून मान देण्याची ती पहिली पायरी आहे. आणि भार पडल्यावर तो उचलावयास स्वतः जावें, पैसे पाठवून भागवूं नये. या अटी पाळतांना कित्येकदां असें आढळून येईल कीं, ज्यांना आपण केवळ अडथळा समजत होतों त्यांची आपल्याबरोबर उभे राहण्याची तयारी होती. फक्त त्यांना कोणी विचारलें नव्हतें. या नियमाला एक अपवाद मात्र असलाच पाहिजे. जेथें आधीं सांगण्यांत जीवाला धोका आहे, आणि अशीं घरें अजून आहेत, तेथें प्रथम जीव वांचवावा. सांगणें, समजावणें, हात देणें हें सर्व नंतर.

गीतेचा उपदेश संपत आला असतां श्रीकृष्णानें अर्जुनाला जें सांगितलें तें आपल्याकडे वारंवार उच्चारलें जातें: या सर्वांचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसें कर. यांतील उत्तरार्ध तरुणांना आवडतो, पूर्वार्ध वडिलांना. पण हे दोन तुकडे नव्हेत, वाक्य एकच आहे. अठरा अध्याय ज्याच्या शंका ऐकून घेतल्या त्यालाहि शेवटीं स्वतःच ठरवूं दिलें. आणि ज्याला ठरवूं दिलें त्याला आधीं रणांगणावर दोन्हीं सैन्यांच्या मध्यें उभें करून, कोण कोण मरणार आहेत तें डोळ्यांनीं पाहावयास लाविलें.

आतां कोणी विद्यार्थी तसाच प्रश्न घेऊन आला तर आम्ही त्याला मिल्ल सांगतोंच. तें तत्त्व आम्हीं सोडलेलें नाहीं. पण पाठ थोपटण्यापूर्वीं एक प्रश्न विचारतों: "घरीं धाकटी बहीण आहे काय? तिला ठाऊक आहे काय?" तो गोंधळला म्हणजे त्याला बसवून घेतों, आणि त्या दिवशींचा चहा जरा अधिक वेळ चालतो.