रक्ताचा रंग कोणी ठरवायचा?

१९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम अमेरिकेतल्या घरांत पोहोचला तो दोन रूपांत. सेगाच्या यंत्रावर ठरावीक कळा एकामागोमाग दाबल्या की ठोशागणिक लाल रक्त उडायचं. निन्टेंडोच्या यंत्रावर त्याच ठोशाला करडा घाम उडायचा. पात्रं तीच, डावपेच तेच. निन्टेंडोने मुलांच्या पालकांना जपून रंग बदलला, तर सेगाने रक्त ठेवलं आणि खोक्यावर वयाची सूचना छापली. त्याच वर्षी डिसेंबरात सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांनी सुनावणी घेतली, तेव्हा या दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. गेममधल्या हिंसेचं नियमन कोणी आणि कसं करावं, या वादातले दोन्ही मार्ग तिथे आमनेसामने होते: एक आशय बदलण्याचा, दुसरा घेणाऱ्याला आधी सांगण्याचा. मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, पण त्याला एक अट आहे.

पहिला मार्ग अमेरिकेने आधी दोनदा चालून पाहिला होता. १९३४ पासून हॉलिवूडने हेज संहिता काटेकोरपणे लागू केली. पडद्यावर काय दिसू द्यायचं हे पटकथेपासूनच ठरू लागलं. पुढे १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्स मुलांना गुन्हेगारीकडे नेतात असं मांडलं, सिनेटने सुनावणी घेतली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच इतकी कडक संहिता लादून घेतली की भयकथांची कॉमिक्स जवळपास संपली. अनेक दशकांनी वर्थम यांची कागदपत्रं खुली झाली, तेव्हा त्यांनी मुलांच्या नोंदी सोयीप्रमाणे बदलल्याचं संशोधनातून पुढे आलं. तोवर एक अख्खा कलाप्रकार खुरटला होता. सिनेमाने मात्र १९६८ मध्ये संहिता सोडली आणि वयोगट आणले. प्रश्नच बदलला: काय बनवू द्यायचं याऐवजी कोणाला दाखवायचं. लीबरमन यांचा इशाराही याच वळणाचा होता. तुम्ही मानांकन करा, नाहीतर आम्ही कायदा करतो. १९९४ मध्ये उद्योगाने गेमना मानांकन देणारं ईएसआरबी हे मंडळ उभं केलं.

पण शिक्का मारला म्हणजे काम झालं असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक साधी गोष्ट केली. अल्पवयीन मुलांना गुपचूप दुकानांत पाठवलं आणि १७ वर्षांवरच्यांसाठीचा गेम विकत मागायला लावला. २००० साली अशा ८५ टक्के मुलांना तो मिळाला. २०११ च्या पाहणीत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. या अकरा वर्षांत विक्रीबंदीचा केंद्रीय कायदा झाला नव्हता. दुकानदार ओळखपत्र मागू लागले, कारण कोणीतरी पुन्हा पुन्हा तपासत होतं आणि निकाल जाहीर करत होतं. माझी अट ती हीच. गेममध्ये काय असावं हे राज्याने सांगू नये. दारावरची राखण खरोखर होते की नाही, हे मात्र राज्यानेच तपासावं.

कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये याहून पुढे जाऊन हिंसक गेम अल्पवयीनांना विकणाऱ्यावर हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला. बहुमताच्या निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिमच्या परीकथांमधलं क्रौर्य दाखवून मुलांच्या गोष्टींत हिंसा नवी नाही असं म्हटलं. न्यायमूर्ती ब्रायर यांची भिन्नमतातली हरकत मात्र टोचणारी आहे: तेरा वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांचं मासिक विकायला बंदी चालते, मग बाईला बांधून छळण्याचा गेम विकायला बंदी का नको? ही विसंगती खरी आहे आणि ती मला अस्वस्थ करते. तरीही शिक्षेचा कायदा करायचा तर अपायाचा पुरावा हवा, आणि तो तोकडा होता. सरकारने ज्या संशोधनावर भिस्त ठेवली, त्यात बग्ज बनीच्या कार्टूनचा परिणामही जवळपास तेवढाच निघत होता. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचं वर्तन त्यांच्या पालकांना विचारून पडताळलं. हिंसक गेमशी आक्रमकपणाचा संबंध आढळला नाही. पण गुन्हेगार होत नाही म्हणून आठ वर्षांच्या मुलाच्या हाती काहीही द्यावं, असंही नाही. भीती, किळस, रात्रीची उडालेली झोप यांचा विचार आईबापांनीच करायचा असतो, आणि त्यासाठी त्यांना खरी माहिती लागते.

उद्योगानेच स्वतःला मानांकन देणं म्हणजे कुंपणानेच शेत खाणं नव्हे का? धोका आहेच. २००५ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’च्या डिस्कवर दडवलेला लैंगिक प्रसंग बाहेर आला आणि ईएसआरबीला तो गेम फक्त प्रौढांसाठी ठरवावा लागला. मंडळ कंपनीने दिलेल्या चित्रफितीवर आणि माहितीवर विसंबून होतं. म्हणून दारासारखाच शिक्काही बाहेरच्या कोणीतरी तपासायला हवा.

भारतात हे दार दुकानाला नाही, फोनला आहे. सिनेमाला प्रमाणपत्र आहे, ओटीटीला २०२१ पासून वयोगट आहेत. गेमचे वयाचे आकडे मात्र प्ले स्टोअरवर गेम बनवणाऱ्यांनीच भरलेल्या प्रश्नावलीतून ठरतात. आपल्याकडे नियमन आलं ते अटकेच्या रूपात: २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना पकडलं. खेळणाऱ्या पोराला आरोपी करणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. २०२० मध्ये केंद्राने पबजी बंद केला तो सुरक्षेच्या कारणावरून. २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने परतला, तेव्हा गोळी लागल्यावर उडणारं रक्त हिरवं झालं होतं. निन्टेंडोच्या करड्या घामाचाच हा दुसरा अवतार. अठराच्या आतल्यांसाठी पालकाच्या फोन नंबरची अटही होती, पण ती लागू होणार खेळणाऱ्याने स्वतःचं वय खरं सांगितलं तर. बारा वर्षांचा मुलगा ‘मी अठरा वर्षांवरचा आहे’ यावर बोट टेकवतो आणि आत जातो. असं किती मुलांना जमतं, हे मोजायला मुलांच्या हाती फोन देऊन तपासणी करावी लागेल, आणि निकाल स्टोअरच्या नावानिशी दरवर्षी छापावा लागेल.