पत्ता साठवू नये

यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे गावी झाला. जिल्हा कोणता? तेव्हा सातारा. १९४९ मध्ये जिल्हा विभागला गेल्यावर दक्षिण सातारा. १९६० पासून सांगली. गाव जागचे हलले नाही आणि तिन्ही उत्तरे आपापल्या काळात बरोबरच होती. सी भाषेत सॉकेट प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांपुढे मी आधी हे उदाहरण ठेवेन. पत्ता हा नावाला कायमचा चिकटलेला असतो, एकदा विचारला की काम झाले, हा समज त्यांच्यात फार खोल रुजलेला असतो.

तो रुजवला यंत्राच्या नावावरून पत्ता देणाऱ्या गेटहोस्टबायनेम या जुन्या फंक्शनने. अर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावे कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एका फाइलीत ठेवलेली असत. नावापुढे पत्ता, विषय संपला. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस या विखुरलेल्या नामव्यवस्थेची रचना मांडली आणि उत्तर कुणा एकाच्या वहीत राहिले नाही. फंक्शनही पुढे पत्त्यांची यादी देऊ लागले. पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून एच_अ‍ॅडर हे नाव यादीतल्या पहिल्या पत्त्यासाठी राखून ठेवले गेले. झाले! विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी तेवढेच उचलले. यादी समोर असूनही तिच्यातला दुसरा पत्ता कुणी पाहिला नाही.

२००८ च्या पॉसिक्स मानकातून हे फंक्शन वगळले गेले. त्याच्या जागी वापरायचे गेटअ‍ॅड्रइन्फो आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींचे पत्ते साखळीने हाती देते. पहिल्यावर कनेक्ट फसले तर सॉकेट बंद करून पुढचा घ्यायचा, शेवटी साखळी मोकळी करायची. मात्र उत्तर कधीपर्यंत ग्राह्य, हे ते सांगत नाही. डीएनएसच्या प्रत्येक नोंदीला मुदत असते, पण ती या फंक्शनमधून आपल्यापर्यंत पोचतच नाही. मला ही उणीव वाटते. तरी तिच्यातून निघणारा नियम सरळ आहे. नवी जोडणी करताना पुन्हा विचारा. त्यात वेळ जातो ही तक्रार अर्धीच खरी आहे, कारण अलीकडच्या उत्तरांचा साठा बहुधा मधला रिझॉल्व्हर ठेवतोच. खरी अडचण वेगळी आहे: उत्तर येईपर्यंत हे फंक्शन प्रोग्रॅमला अडवून धरते. म्हणून ते वेगळ्या थ्रेडमध्ये चालवावे. आकडा थेट कोडमध्ये कोरणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

उलट्या दिशेचा, पत्त्यावरून नावाचा शोध याहून फसवा. पिन कोडचेच पाहा. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून पिन कोड सुरू झाला. त्याचे पहिले तीन अंक टपालाच्या वर्गीकरणाचे. कलेक्टर कचेरीशी त्यांचे देणेघेणे नाही. सातारा शहराचा पिन ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. आणि इस्लामपूर? सांगली जिल्ह्यात असूनही ४१५४०९. विटाही तसेच, ४१५३११. केवळ ४१५ पाहून जो सातारा जिल्हा लिहील, तो या दोन्ही गावांना परक्या जिल्ह्यात बसवेल. २०२५ मध्ये राज्य सरकारने इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले म्हणून टपालाची वाट बदलावी लागत नाही.

आयपी पत्त्यांचेही तेच. ते नेटवर्कच्या वाटांप्रमाणे वाटलेले असतात आणि पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद त्या पत्त्यांच्या गटाचा ताबा ज्याच्याकडे, तो लिहितो. त्याने तिथे एखाद्या बँकेचे नाव घातले तर हा उलटा शोध घेणारे गेटनेमइन्फो हे फंक्शन ते निमूटपणे आणून देईल. त्या नावावर विसंबून कुणाला आत सोडणारा सर्व्हर धोकादायकच. मिळालेले नाव परत गेटअ‍ॅड्रइन्फोला द्यावे आणि आलेल्या साखळीत मूळ पत्ता आहे का ते पाहावे. नसेल तर लॉगमध्ये नाव लिहू नये, फक्त आकडा लिहावा.