सुधारलेला सूर

उपवासकाळाच्या आधी आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी क्रूसाच्या वाटेची गीते ध्वनिमुद्रित करण्याचे मनावर घेतले. स्टुडिओचे भाडे परवडण्याजोगे नव्हते. एक मायक्रोफोन, एका विद्यार्थ्याचा जुना लॅपटॉप आणि ‘ऑडॅसिटी’ हा विनामूल्य प्रोग्राम, एवढ्या सामग्रीवर दारा-खिडक्यांना गोधड्या लावून काम सुरू झाले. मायक्रोफोन एकच, म्हणून प्रत्येकाने आपापला आवाज स्वतंत्र दिला आणि नंतर ते सारे एकावर एक रचण्यात आले. पंधरवड्याने आम्ही गीते ऐकली. ती निर्दोष होती. तरी काहीतरी हरवल्यासारखे वाटत राहिले. चौकशीअंती कळले, की गायकवृंदातील सर्वात वृद्ध मावशींचा आवाज त्यात नव्हता. “फादर, त्यांचा सूर हलतो. सुधारून पाहिला, तर पत्र्यासारखा वाजू लागला. म्हणून त्यांची ओळच बंद केली,” मुलांनी निरागसपणे सांगितले.

मुलांना दोष देण्यास आमची जीभ रेटेना. “काम चांगले झाले पाहिजे” असे आम्हीच त्यांना बजावले होते. पण ‘चांगले’ म्हणजे काय, हे सांगायचे आमच्याकडून राहून गेले होते.

नादाचे रूपांतर आकड्यांत करणे, हे या साधनांचे मर्म आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणानुसार यंत्र एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेते. एकदा नादाचे आकडे झाले, की ते वेचता येतात, पुसता येतात, बदलता येतात. सूर आपोआप जागेवर आणणारा ‘ऑटोट्यून’ हा प्रोग्राम १९९७ साली आला. त्याचा जनक अँडी हिल्डेब्रँड पूर्वी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातील कंपनांचे विश्लेषण करीत असे. जमिनीच्या पोटातील हालचाल टिपणारे गणित अखेर मानवी कंठापर्यंत येऊन पोहोचले.

यंत्र आणि उपासना यांचा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो वाजविण्यास मनाई केली. १९५८ साली रोमहून निघालेल्या सूचनेत ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर यांसारखी स्वयंचलित साधने उपासनाविधीत वर्ज्य ठरविण्यात आली. वाद्य माणसाने स्वतः वाजविलेले असावे, असे तत्त्व तीत मांडले होते. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान राखून, पवित्र कार्यास अनुरूप अशा इतर वाद्यांनाही दार उघडले. वाद्यांविषयीचे नियम बदलत गेले. परंतु त्या सूचनेमागील भावना आम्हाला आजही मोलाची वाटते. स्तुती माणसाने करावयाची असते. ती यंत्राकडे सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

मग ही साधने त्याज्य मानावीत काय? आम्हाला तसे वाटत नाही. ज्याच्या घरी पेटी नाही, ज्याला शिकवणीची फी झेपत नाही, असा मुलगाही आज चार स्वर जुळवून त्यांना आकार देऊ शकतो. स्वतःचा आवाज पुनःपुन्हा ऐकावा लागल्याने त्याच्या अंगी नम्रता येते. भुंकणारा कुत्रा किंवा स्कूटरचा हॉर्न ध्वनिमुद्रणातून काढणे हे असत्य नव्हे. पाहुणे येण्यापूर्वी अंगण झाडावे, तसेच ते आहे. चुकलेली ओळ गायकाने पुन्हा गाणे, यातही फसवणूक नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते कला म्हणजे वस्तू घडविण्यातील योग्य विवेक आणि सुज्ञता म्हणजे आचरणातील योग्य विवेक. कलेचा कस घडलेल्या वस्तूत लागतो, सुज्ञतेचा कस करणाऱ्या माणसात लागतो. आमच्या मुलांनी घडविलेली वस्तू कदाचित सरस असेल. परंतु जिने विश्वासाने आपला आवाज स्वाधीन केला, तिला न विचारता तो पुसणे, ही कृती सरस नव्हती. वस्तू सुधारली आणि माणूस वगळला गेला. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये कबुली दिली आहे, की गीतातील आशयापेक्षा गाणाऱ्याचा आवाजच मनाला अधिक भिडला, तर आपण अपराधी ठरतो असे त्यांना वाटे. निर्दोष सुराच्या मोहात आपणही हाच अपराध करतो. तेथे गाणारा आणि ज्याच्यासाठी गायचे तो, दोघेही विसरले जातात.

आम्ही मुलांसह मावशींकडे गेलो आणि घडले ते सांगून क्षमा मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “फादर, आवाज थरथरतो हे मला का ठाऊक नाही? पण शुभ शुक्रवारी थरथरायचं नाही, तर केव्हा?”

या प्रश्नावर आमच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासात आम्हाला उत्तर सापडले नाही. मुलांनी त्यांची ओळ पुन्हा सुरू केली. आता चौथ्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात एक आवाज किंचित मागे राहतो, कापतो आणि इतरांना येऊन मिळतो. क्रूसामागून चालणाऱ्या समुदायातही कोणीतरी असेच मागे राहिले असेल.