हौसेचे मोल

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. गंमत अशी, की ह्या तीन शब्दांतून अगदी उलटसुलट असे दोन अर्थ निघतात. पैठणी हातात घेऊन उभी असलेली गृहिणी हे वाक्य उच्चारते, तेव्हा तिला म्हणायचे असते की हौसेपुढे किमतीचा विचार करू नये. तिच्यामागे पाकीट चाचपीत उभा असलेला गृहस्थही मनातल्या मनात तेच म्हणतो. पण त्याच्या लेखी हौस ही मुळी मोलाची वस्तूच नव्हे. दोघेही म्हणीशी प्रामाणिक असतात, आणि दुकानदार दोघांनाही मान डोलावतो.

खरेदीच्या बाबतीत हा वाद बिल फिटले की मिटतो. पण माणूस एखादे कामच हौसेने करू लागला, वर्षानुवर्षे करीत राहिला, आणि त्या कामातून चार लोकांच्या उपयोगाचे काही उभे राहिले, म्हणजे काय? ते पुण्यात जमा करायचे की करमणुकीत? ज्याला ते करताना आनंदच झाला, त्याचे आभार तरी कशासाठी मानायचे? आणि त्या कामाला उद्या कोणी पगार लावला, तर ते काम बाटते की काय? हे प्रश्न सुचायला मला तसेच कारण घडले. ते पुढे सांगतो. आधी मुंबईची एक जुनी गोष्ट सांगतो, कारण हौसेचा असा लांबरुंद संसार आपल्या बाजूला दुसरा मला तरी माहीत नाही.

15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. सहा युरोपीय होते, दोन आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, व्याकरणकार दादोबांचे धाकटे बंधू आणि 1867 साली निघालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार. पुढे ज्यांच्या खटल्याने सारा देश ढवळून निघाला आणि ज्या स्वतः डॉक्टर झाल्या, त्या रखमाबाईंचे सावत्र वडील. आपल्या इतिहासाने ही दोन्ही नावे समाजसुधारणेच्या खात्यावर टाकली आहेत आणि ते योग्यच आहे. पण प्रार्थना, सुधारणा, रोगी आणि औषधे ह्या साऱ्या व्यापातून वेळ काढून ह्या माणसांना महिन्यातून एकदा किडे, पाखरे आणि पाने ह्यांविषयी बोलत बसावेसे वाटले, ह्याची मला मोठी मौज वाटते. मूळचा बेत एवढाच होता: महिन्याला एकदा जमायचे, कोणाला काही विशेष सापडले तर दाखवायचे, टिपणे एकमेकांना वाचून दाखवायची. सखाराम अर्जुन तर 1885 मध्येच वारले. आपण लावलेल्या रोपाचे काय झाले हे त्यांना पाहायलाच मिळाले नाही.

पहिले चिटणीस एटकेन हे जकात आणि मीठ खात्यातले अंमलदार. सोसायटीला स्वतःची जागा नव्हती. जानेवारी 1884 मध्ये हर्बर्ट फिप्सन नावाच्या मद्याच्या व्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानाचा एक भाग तिला दिला. एका बाजूला बाटल्यांत दारू आणि दुसऱ्या बाजूला बाटल्यांत साप, असा तो थाट असावा. साप टिकवायलाही मद्यार्कच लागतो, तेव्हा शेजार तसा सोयीचाच म्हणायचा! 1886 मध्ये सोसायटीचे नियतकालिक सुरू झाले. ते आजही निघते. त्याच वर्षी बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटला हलले. फिप्सन 1906 पर्यंत चिटणीस राहिले, त्यांच्यानंतर त्याच पेढीतले मिलर्ड 1920 पर्यंत. दोघेही मानद, म्हणजे बिनपगारी.

ह्या कचेरीत 1894 पासून एक मोठा धनेश पक्षी राहत असे. कारवारच्या एका गृहस्थांनी तो पिल्लू असताना सोसायटीला दिला होता. विल्यम त्याचे नाव. ह्या विल्यमने एकदा पेटती सिगार गिळली आणि पचवली. अखेर 1920 मध्ये तारेचा तुकडा गिळल्यामुळे तो गेला असे सांगतात. सव्वीस वर्षे कचेरीत काढणारा हा एकच सभासद असा, की जो हौसेने आला नव्हता. सोसायटीच्या बोधचिन्हावर आज धनेश आहे तो ह्याच्यामुळे.

आता ह्या साऱ्या गोष्टीत 'बिनपगारी' हा जो शब्द आला, त्याच्यापाशी मला जरा थांबायचे आहे. फिप्सनने पगार घेतला नाही हे खरे. पण दुकानात मद्य खपत होते म्हणून मागच्या खोलीत साप राहू शकले. एटकेनला सरकार पगार देत होते. डॉक्टरांचे रोगी त्यांना फी देत होते. म्हणजे पैसा होताच. फक्त तो दुसऱ्या दाराने येत होता. बिनपगारी काम म्हणजे फुकट काम, असे आपण सहज समजून चालतो. फुकट काम ह्या जगात नाही. कोणीतरी त्याचे पैसे भरीत असते. कधी करणारा स्वतः, कधी त्याच्या घरचे, आणि कधी असा कोणी, की ज्याचे नाव त्या हिशेबात येतच नाही.

हा अंक वाचताना तुमच्या हातात बहुधा चकली असेल. तेव्हा सांगायला हरकत नाही, की ह्या गैरसमजाचे माहेरघर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. 'तिला विचारू नका, ती सगळे हौसेने करते,' असे आपण पाहुण्यांपुढे कौतुकाने म्हणतो. ते खोटे असते असे नाही. अनारशाला जाळी पडली की तिच्या चेहऱ्यावर जे फुलते ते मजुरीने फुलणारे नव्हे. पण भाजणी भाजताना आणि तळणीपुढे चार दिवस घाम गाळतानाही ती हौसच असते का? हौस हा शब्द एकदा उच्चारला, की मोबदल्याचाच नव्हे, तर मदतीचाही प्रश्न मिटतो. तिला पैसे नकोच असतात. हा अंक सर्वांच्या आधी हातात मिळावा आणि त्या वेळी चहा दुसऱ्या कोणी करावा, एवढे झाले तरी तिला पुष्कळ वाटेल.

हौशी माणसाविषयी माझी आणखी एक तक्रार आहे. हौस म्हटली की ती निर्मळच असणार, असे आपण धरून चालतो. सोसायटीच्या जुन्या काळच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. बंदुकीचा बार काढण्यात त्यांना आनंद वाटे आणि ते तो लपवीतही नसत. मग शिकारी आणि अभ्यासक ह्यांत फरक कुठे पडला? मला वाटते, तो चिठ्ठीत पडला. मेलेल्या पाखराच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर जागा, तारीख आणि मिळवणाऱ्याचे नाव लिहायचे, हे काम कंटाळवाणे असते. त्यात बार नाही, धावपळ नाही, वाहवा नाही. पण भिंतीवर टांगलेली शिंगे 'मी' म्हणतात, आणि कप्प्यात ठेवलेले चिठ्ठीचे कातडे 'हा' म्हणते. पाखराचा जीव काही चिठ्ठीने परत येत नाही, हेही इथेच म्हटले पाहिजे.

आणि ह्या चिठ्ठ्यांचे काम वाढले तेव्हा हौशी मंडळींनी काय केले? 1911 मध्ये त्यांनी देशातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. ती सुमारे बारा वर्षे चालली आणि तीतून हजारो नमुने जमले. हे काही रविवारच्या सुट्टीत झाले नाही. मंडळींनी पैसा उभा केला आणि पगारी संग्राहक रानोरान धाडले. पगाराने सोसायटीचा आत्मा गेला असे त्या वेळी कोणाला वाटले असेलही. पण आजही कोणत्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी कोणता उंदीर होता हे पाहायचे झाले, तर त्याच कप्प्यांकडे जावे लागते.

आमच्या गावात हाच वाद निघाला, म्हणून हे सारे मी वाचायला घेतले. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी एक निसर्गघर आहे. नाव मोठे, पण मूळची ती पाण्याच्या टाकीवरच्या पहारेकऱ्याची खोली. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही काही मंडळी रविवारी पक्षी पाहायला जात असू. पावसात आडोसा हवा म्हणून ती मागून घेतली. मग कोणी पडलेले घरटे आणून खिळ्याला अडकवले, कोणी सापाची कात आणली, कोणी बिया. घरट्याखाली नावाची चिठ्ठी लागली, आणि त्या दिवसापासून ती खोली नुसता आडोसा राहिली नाही. शाळेची मुले येऊ लागली. मुले आली म्हणून बाके आली, बाके मावेनात म्हणून दुसरी खोली झाली, मग तिसरी, मग देशी झाडांची रोपवाटिका. ठरवून वाढलेल्या संस्था मी फारशा पाहिलेल्या नाहीत. आता मुले आठवडाभर येऊ म्हणतात, आणि रोपे काही रविवारपर्यंत तहान आवरून धरीत नाहीत. तेव्हा एक पगारी माणूस नेमावा असा ठराव पुढे आला.

आमच्यातले सर्वांत वडील, एक निवृत्त शिक्षक, म्हणाले, "पगार आला की प्रेम गेले. इथे हजेरीपट लागला की मी पायरी चढणार नाही."

आमच्यातली सर्वांत धाकटी मुलगी म्हणाली, "सर, मग आठवडाभर किल्ली कोणाकडे ठेवायची तेवढे सांगा. आता ठेवतो तशी गणूदादाकडेच ना?"

गणूदादा म्हणजे जुन्या पहारेकऱ्याचा मुलगा. वीस वर्षे किल्ली त्याच्याच घरी असे. दार उघडणे, पावसात पन्हळ साफ करणे, रोपांना पाणी घालणे हे सारे तो करीत आला होता. पक्ष्यांची गावाकडची नावे आम्ही त्यालाच विचारून लिहिली होती. सभासदांच्या यादीत तो नव्हता, कारण तो वर्गणी भरीत नव्हता. आणि नोकरांतही नव्हता, कारण आम्ही नोकर ठेवीत नव्हतो. सरांचे प्रेम पेन्शनवर उभे होते, माझे पगारावर. गणूचे कशावर उभे होते? सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि नेमणुकीचे पत्र स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतले. रकमेपाशी येऊन त्यांनी गणूलाच विचारले. त्याने रक्कम सांगितली, आणि रविवारी सुट्टी असेल का, असे विचारले.

पगाराने सर्व काही विकत मिळते असे मात्र मी म्हणणार नाही. 1908 मध्ये एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांची चिठ्ठी घेऊन तो सोसायटीत आला, तेव्हा मिलर्डसाहेबांनी हातातले काम ठेवून त्याला पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. 1926 मध्ये त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी ते शिकायला जर्मनीला गेले आणि 1930 मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. पत्नी तेहमीना आणि ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे पगार नव्हता, काम सांगणारा नव्हता. समोर झाडावर सुगरणींची घरटी मात्र होती. ती पाहत बसून त्यांनी जे शोधून काढले, ते करा म्हणून कोणी कधी पगार दिला नसता. नर घरटे अर्धेच विणून थांबतो. माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीला पसंत पडले तर ती ताबा घेते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याच्या तयारीला लागतो. विणणारा नर, आणि त्या पाखराला सुगरण हे नाव दिले आपण! किहीमच्या त्या बिनपगारी दिवसांत घर कसे चालले ह्याचा हिशेब तेहमीनाबाईंनीच मांडला असता तर बरे झाले असते.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीच अडचणीत आली तेव्हा ह्याच सलीम अलींनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. आज सोसायटीच्या कप्प्यांत लाखाच्या वर नमुने आहेत, पगारी शास्त्रज्ञ आहेत, आणि गोरेगावला रानाला लागून सुमारे 33 एकरांवर निसर्गशिक्षणाचे केंद्र आहे.

आमच्या निसर्गघरातले खिळ्यावरचे घरटे अर्धेच विणलेले आहे. खाली नळी नाही, तळ उघडा. मुले विचारतात, हे पुरे का नाही केले? गणू सांगतो, "तिला पसंत पडले नाही." मुले हसतात. मग एखादी चिमुरडी हसायची थांबते आणि विचारते, "म्हणजे त्याने एवढे विणले ते फुकट गेले?" तिला काय सांगायचे, ह्यावर सरांचे आणि गणूचे अजून एकमत झालेले नाही.