स्वयंसेवक आणि जमाखर्चाची वही

बेळगाव-निपाणीच्या मुलखाला स्वयंसेवकांची वाण कधी पडलेली नाही. गणेशोत्सवाची वर्गणी असो, ग्रामदेवतेची यात्रा असो किंवा सीमाप्रश्नासाठी 1 नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाची फेरी असो, हाक दिली की माणसे येतात, राबतात, उन्हात उभी राहतात, प्रसंगी लाठ्याही खातात, आणि काम उरकले की सतरंज्या झाडून, त्यांच्या घड्या घालून आपापल्या घरी जातात. वीस वर्षांनी पाहावे तर सतरंज्या उचलणारे तेच असतात, फक्त त्यांचे केस पिकलेले असतात. आणि व्यासपीठावर बसणारेही तेच असतात, त्यांचे मात्र केस गळालेले असतात. सेवाभाव इतका उदंड असलेल्या प्रदेशात नेतृत्वाची परंपरा इतकी तुटक का राहावी, हा प्रश्न आपण पुरेशा गांभीर्याने कधी विचारला नाही. माझे उत्तर थोडके आहे : आपण माणसांकडून श्रम मागितले, निष्ठा मागितली, त्याग मागितला, निर्णय आणि पैसा या दोन गोष्टी मात्र त्यांच्या हाती सहसा दिल्या नाहीत.

जिथे त्या दिल्या गेल्या तिथे काय घडले, याची साक्ष याच मातीत आहे. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन, म्हणून त्याचा गौरव आपण करतो आणि त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो. परंतु त्या अधिवेशनाचे खरे कर्तृत्व सभामंडपात जितके होते, त्याहून अधिक मंडपाच्या मागे होते. गंगाधरराव देशपांड्यांनी यजमानपदाचा भार उचलला होता आणि डॉ. ना. सु. हर्डीकरांनी वर्षभरापूर्वीच स्थापिलेल्या हिंदुस्थानी सेवा दलाची कसोटी येथे लागत होती. उमाबाई कुंदापूर यांनी दीडशेहून अधिक स्त्रिया स्वयंसेविका म्हणून उभ्या केल्या. त्यांत विधवाही होत्या. ज्या काळी विधवेने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणे हाच चर्चेचा विषय होई, त्या काळी तिच्यावर हजारो पाहुण्यांच्या व्यवस्थेतील वाटा सोपविला गेला. प्रवचन ऐकून जे धैर्य आले नसते, ते जबाबदारी अंगावर पडल्याने आले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1925 मध्ये, निपाणीत मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तिला डॉ. आंबेडकर आले. काँग्रेसच्या अधिवेशनाची शताब्दी जितक्या थाटाने साजरी झाली, तितकी आठवण या परिषदेची निघाली नाही. कोणाच्या संघटनेला आपण इतिहास म्हणतो आणि कोणाच्या संघटनेला प्रसंग म्हणून सोडून देतो, हेही यावरून उमगावे.

मात्र या विषयातील सर्वांत मोलाचा धडा निपाणीच्या वखारींनी दिलेला आहे. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका नाकातोंडाला पदर गुंडाळून दिवसभर त्या तिखट धुरळ्यात चाळणीशी बसत. गावोगावच्या घरांत विड्या वळणाऱ्यांची अवस्था वेगळी असली तरी सुखाची नव्हती. विडी कामगारांसाठी कायदा 1966 सालीच झाला होता, परंतु कायदा दिल्लीत होतो आणि मजुरी दाराशी मोजली जाते. हजार विड्यांमागे किती पान मिळाले, ते तोलून दिले की अंदाजाने, कमी पडलेले पान पदरच्या पैशाने कोणी आणले, छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी कापून त्या विड्या पुढे कोठे गेल्या, हा सारा हिशेब जोवर मालकाच्या माणसाच्या वहीत होता, तोवर कायद्याचे कलम तोंडपाठ असूनही उपयोग नव्हता. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेने या बायकांना मोर्चा काढायला शिकविले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठे वाटते ते हे, की आपल्या मजुरीचे गणित त्या स्वतः मांडू लागल्या. ‘मालक म्हणतोय ते खरंच असणार’ म्हणणारी बाई ‘थांबा, पुन्यांदा मोजा’ म्हणू लागली, त्या क्षणी पुढारी जन्माला आली. 1982 साली युगांतर या चित्रपटमंडळीने ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा अनुबोधपट निपाणीत केला, त्यात आपली हकीकत या कामगार बायका स्वतःच सांगतात. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या विद्वानाची तेथे फारशी गरज पडत नाही.

   

निपाणीने शेतकऱ्यांचाही लढा पाहिला. मार्च 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात दहाहून अधिक शेतकरी प्राणास मुकले. त्या बलिदानापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. तरीही, आंदोलन माणसाला निर्भय करते पण कुशल करीलच असे नाही, हे कटू सत्य सांगितले पाहिजे. रस्त्यावर हजारोंनी एकाच वेळी एकच निर्णय घ्यायचा असतो आणि तो बहुधा वरून आलेला असतो. दूध संस्थेच्या किंवा सोसायटीच्या सभेत मात्र अकरा जणांनी अकरा मते मांडून, भांडून, रुसून, पुन्हा समजूत काढून एक ठराव लिहायचा असतो. पहिल्या कामाची सवय आपल्याला भरपूर झाली. दुसऱ्याची नाही, आणि सीमाप्रश्नाच्या दीर्घ लढ्याने, त्याची न्याय्यता पूर्णपणे मान्य करूनही म्हणतो, ही उणीव वाढविलीच आहे.

या दुसऱ्या कामाची संधी पंचायतींतून आली. कर्नाटकात 1983 चा पंचायत कायदा तेव्हाचे पंचायतराज मंत्री अब्दुल नझीर साब यांच्या प्रयत्नांतून आला आणि 1987 च्या निवडणुकांत स्त्रियांसाठी पाव हिस्सा जागा राखल्या गेल्या, म्हणजे 73 व्या घटनादुरुस्तीच्याही आधी. सीमाभागातील कित्येक मराठी स्त्रिया त्या वाटेने पंचायतीत गेल्या. कित्येकींच्या वतीने त्यांचे यजमानच खुर्चीत बसले, ही तक्रार सर्वत्रच आहे. आपल्याकडे तिला आणखी एक पदर आहे. नोटिसा, ठरावपुस्तक, अंदाजपत्रक सारे कन्नडमध्ये. वाचता न येणारा सदस्य, मग तो पुरुष असो की स्त्री, शेवटी कारकुनाच्या तोंडाकडे पाहतो आणि तो बोट ठेवील तेथे सही करतो. कागदपत्रे मराठीतून मिळावीत हा आपला हक्क आहे व तो सोडू नये. परंतु तो मिळेपर्यंत कन्नड वाचणे हा स्वाभिमानाचा भंग मानणे म्हणजे आपल्याच गावाचे दप्तर दुसऱ्याच्या स्वाधीन करणे होय. आपल्या घराघरांत कन्नड शाळेत शिकून आलेल्या सुना आहेत. त्यांच्याकडून यात्रेच्या दिवशी हजारांचा स्वयंपाक आपण करून घेतो, ठरावाचा मसुदा वाचून घेण्याचे मात्र आपल्याला सुचत नाही.

आशेला जागा आहे ती कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा यांसारख्या गावांत. महानगरांनाही हेवा वाटावा अशी साहित्य संमेलने ही गावे स्वतःच्या बळावर भरवितात. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षांचे भाषण (ते बहुधा लांबते), कथाकथन, कविसंमेलन, दुपारी साऱ्या गावाला जेवण. मदार शासनाच्या पैशावर नाही, सावकाराच्याही नाही. गावाची वर्गणी आणि गावाचेच हात. ग्रामीण कार्यकर्ता घडविण्याची याहून उत्तम पाठशाळा मला ठाऊक नाही. मात्र अशा संमेलनाच्या बैठकीत बहुधा काय घडते पाहा. देवळाच्या मंडपात बैठक बसते, पावतीपुस्तके पोरांना वाटली जातात, ती पोरे दारोदार फिरून रकमा आणतात, सुटे पैसे मोजून रबर लावून देतात. आणि आचाऱ्याला, मंडपवाल्याला काय द्यायचे, पाहुणा कोण बोलवायचा, हे ठरते तेव्हा तीच पोरे बाहेर चहाचे पेले गोळा करीत असतात. जमाखर्चाची वही गावच्या कुणा अण्णांच्या पिशवीत. अण्णा सचोटीचे आहेत, एका पैचा घोळ नाही, आणि म्हणूनच तीस वर्षे ती वही त्यांच्या पिशवीतून निघालेली नाही. अप्रामाणिक माणसाला पदावरून हटविता येते. प्रामाणिक माणसाने पदाला मारलेली मिठी सोडविणे फार कठीण.

दिवाळी सरली की या संमेलनांच्या तयारीला आरंभ होतो. त्या गावांतील वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे : यंदा खजिनदाराचे पद पंचविशीच्या आतल्या एखाद्या मुलीकडे द्या, पाहुणा निवडण्याचा अधिकार कविता लिहिणाऱ्या पोरांकडे द्या, आणि आपण वर्गणीला फिरा. तिच्या हिशेबात पहिल्या वर्षी शेदोनशेचा फरक निघेल. तो भरसभेत तिलाच सांगू द्या, तिलाच दुरुस्त करू द्या, आणि पुढच्या वर्षी वही पुन्हा तिच्याकडेच ठेवा.