आपल्या संघातील नावडता गुणवंत

जानेवारी २०१० मध्ये म्हैसूर येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. म्हैसूर विद्यापीठाच्या गंगोत्री ग्लेड्स मैदानावर यजमान कर्नाटक आणि मुंबई यांची गाठ पडली. विजयासाठी कर्नाटकास ३३८ धावा हव्या होत्या. मनीष पांडे याने एकट्याने १४४ धावा केल्या; मुंबईच्या अजित आगरकर याने पाच गडी बाद केले. अखेर कर्नाटकाचा डाव ३३१ धावांवर संपला आणि मुंबईने अवघ्या सहा धावांनी करंडक जिंकला.

जिथे सहा धावांनी करंडक जातो वा येतो, तिथे प्रत्येक धावेचे मोल कळते. ती धाव आवडत्या फलंदाजाने काढली की नावडत्याने, हे धावफलक विचारीत नाही. मग प्रेक्षकाने ते विचारावे काय? ज्या संघास आपण आपला म्हणतो, त्यातील प्रत्येक गुणी खेळाडू आपल्याला आवडलाच पाहिजे काय?

याचे सरळ उत्तर 'नाही' असेच आहे. आवड ही आज्ञेने उत्पन्न होत नाही. एखाद्याचे बोलणे उद्धट वाटते, एखाद्याची ऐट मनास रुचत नाही. अशा वेळी प्रेमाचा आव आणणे हा केवळ दंभ होय. परंतु आवड नसणे निराळे आणि द्वेष असणे निराळे. या दोहोंतील सीमा मनुष्याने स्वतःच ओळखावयाची असते, व तिची कसोटी अगदी सोपी आहे. नावडत्या खेळाडूने पराक्रम केला असता मनास आनंद झाला, तर तेथे द्वेष नाही. उलट मनात कोठे सल उमटला, तर समजावे की आता भक्ती संघावर उरली नसून स्वतःच्या मतावर जडली आहे. अशा मनुष्यास संघाच्या विजयापेक्षा आपले मत खरे ठरणे अधिक प्रिय असते.

हे केवळ कल्पनेतील नाही. २०२४ च्या आयपीएल स्पर्धेत मुंबई संघाचे नेतृत्व रोहित शर्मा याच्याऐवजी हार्दिक पांड्या याच्याकडे आले. रोहितच्या नेतृत्वाखाली संघाने पाच विजेतेपदे मिळविली होती. प्रेक्षकांस वाईट वाटले, ते स्वाभाविकच होते. परंतु वानखेडे मैदानावर आपल्याच कर्णधाराची त्यांनी हुर्यो उडविली. पुढे २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक त्याच हार्दिकने टाकले. दक्षिण आफ्रिकेस सोळा धावा हव्या होत्या; भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलै रोजी त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

हा पश्चात्ताप होता, असे म्हणता येईल काय? त्या षटकात सीमारेषेवर सूर्यकुमार यादव याने घेतलेला झेल सुटला असता, तर हाच जयघोष झाला असता काय? पहिली निंदा रागातून आली, दुसरी स्तुती फलातून. खेळाडूच्या अंगचा गुण मात्र दोन्ही दिवशी तोच होता. निंदा व स्तुती समान मानणाऱ्या भक्ताचे वर्णन गीतेच्या बाराव्या अध्यायात आहे. तो उपदेश ज्याच्या वाट्यास निंदास्तुती येते त्याला लागू पडतो. पण म्हणून ती करणाऱ्यास वाटेल तसे बोलण्याची मुभा मिळत नाही.

गृहस्थाने हा विचार घरातही लावून पाहावा. एकत्र कुटुंबात धाकटा भाऊ कर्तबगार असतो, पण त्याचा स्वभाव तुटक असतो. सून सर्व घर नेटाने सांभाळते, पण गोड बोलणे तिला जमत नाही. त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटलाच पाहिजे, अशी सक्ती कोणी करू शकत नाही. मात्र त्यांच्या कष्टांचे श्रेय त्यांच्या पदरात घालणे, त्यांच्या अपयशात समाधान न मानणे व चारचौघांत त्यांचा उपमर्द न करणे, एवढे ऋण प्रत्येकावर आहे. प्रेम ही देणगी आहे, ती देता आली तर उत्तमच. न्याय मात्र देणे आहे, आणि ते नावडत्याचेही चुकते केलेच पाहिजे.