एर्मोसोची पेनल्टी

सिडनीच्या मैदानावर ७० व्या मिनिटाला जेनी एर्मोसोने पेनल्टी मारली आणि इंग्लंडच्या मेरी अर्प्सने ती अडवली. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, २० ऑगस्ट २०२३, आपल्याकडे रविवारची दुपार. आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, श्रावणातलं ज्ञानेश्वरीचं वाचन आटोपलं होतं आणि ते माझ्या शेजारी टीव्हीपुढे येऊन बसले होते. फुटबॉलमधलं त्यांना फारसं कळत नाही, पण माणूस बारकाईने बघतो. स्पेन १-० ने जिंकला. एकुलता गोल २९ व्या मिनिटाला ओल्गा कार्मोनाने केलेला, आणि ती तर बचाव फळीतली. आबा म्हणाले, "गोल मारायचं काम हिचं. हिचाच हुकला. आणि सोन्याचं पदक हिच्याही गळ्यात. मग हिनं केलं काय?"

मी नेवासा तालुक्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मुलींना फुटबॉल खेळवते. आबांनी सहज विचारलं असेल, पण माझ्या धंद्याच्या मुळावरच बोट ठेवलं. आमच्या बाजाराच्या गावात, नेवाशात, शके १२१२ ला, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर महाराजांनी खांबाला टेकून गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती उतरवून घेतली. तो खांब अजून आहे. शाळेची सहल तिथे जाते, मुलं खांबाला हात लावतात, बाहेर येऊन पेरू खातात. कर्म करा, फळावर डोळा ठेवू नका, हे आमच्याकडे चौथीतलं पोरही धडाधड म्हणून दाखवतं. पण स्ट्रायकरला हे सांगायचं कसं? तिचं फळ हेच तिचं काम. बचावपटूने नव्वद मिनिटं काय केलं ते जाणकारालाच दिसतं. स्ट्रायकरचा हिशोब फळ्यावर लिहिलेला असतो.

एर्मोसोचंच बघा. जन्म १९९० चा, माद्रिदचा. आजोबा ॲटलेटिको माद्रिदचे गोलकीपर. नातीने त्याच क्लबातून सुरुवात केली, फक्त चेंडू अडवण्याऐवजी मारायला लागली. मग रायो व्हायेकानो, स्वीडनमधला तिरेसो, बार्सिलोना, पॅरिस सेंट-जर्मेन, परत ॲटलेटिको, परत बार्सिलोना, पुढे मेक्सिकोत पाचुका आणि तिग्रेस. बार्सिलोनाने २०२१ मध्ये युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा ती संघात होती, आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओरच्या मतदानात ती दुसरी आली. स्पेनसाठी तिचे पन्नासच्या वर गोल आहेत. देशाच्या महिला संघात तेवढे कुणाचेच नाहीत. एवढ्या बाईची ओळख एका आकड्याने होते, आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात त्या आकड्यात भर पडली नाही.

आबांचं पहिलं उत्तर पुस्तकातलं होतं. दुसऱ्या अध्यायात माऊली त्या प्रसिद्ध श्लोकानंतर जे सांगतात ते लोक वाचतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. हाती घेतलेलं काम तडीस गेलं तर फार हुरळू नकोस, काही निमित्ताने अर्धवट राहिलं तर चिडू नकोस, इथवर कुणीही सांगेल. पण माऊली आणखी एक पाऊल पुढे जातात: पार पडलं तर कामी आलंच, पण राहिलं तरीही ते चांगलंच झालं असं समज. आबांना हे फार आवडतं. मला ते आधी पटलं नव्हतं. हुकलेली पेनल्टी 'चांगलीच झाली' म्हणून मुलीला घरी पाठवणारी शिक्षिका दुसऱ्या दिवशी मैदानावर काय शिकवणार?

ते थोडंफार उलगडलं ते मैदानावरच. आमच्या मैदानाच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला कालव्याची चारी. गोलचे खांब लोखंडी आहेत, जाळी नाही, त्यामुळे मारलेला प्रत्येक चेंडू उसात जातो आणि पाचटाने हात कापून घेऊन तो आणावा लागतो. दहावीतली एक मुलगी आहे, डावखुरी, पायात भलतीच ताकद. गोलसमोर एकटी असली की हमखास वरून मारते. एका संध्याकाळी मी गोलमागे उभी राहून नुसती तिची मान बघितली. धावत येताना नजर चेंडूवर, टेकवायचा पाय चेंडूच्या शेजारी बरोबर पडतो, मारायचा पाय मागे जातो, आणि चेंडूला पाय लागायच्या आधीच हनुवटी वर येते. चेंडू कुठे चालला ते बघायची घाई. हनुवटी वर आली की छाती मागे झुकते, पाय चेंडूच्या खालून जातो, चेंडू उसात. मी तिला म्हटलं, "गोल कुठंय ते धावायच्या आधी बघ. मारताना फक्त चेंडू बघ. गेला का नाही ते मी सांगते." पुढचे काही फटके खाली राहिले. नंतर परत मान वर. सवय मोडायला वेळ लागतो.

घरी येऊन हे आबांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "मग गोल बघायचा का नाही?" बघायचा तर. गोल न बघता मारणारी स्ट्रायकर कुणालाच नको, तिला घरी बसवतील. इच्छा आधी हवीच, आणि ती धारदार हवी. फक्त पाय चेंडूला लागतो त्या क्षणी ती आड यायला नको. अर्जुनाला तरी कुठे सांगितलंय की बाण कुठेही सोड? फळाची आशा सोडणं म्हणजे नेम सोडणं, हा अर्थ आळशी माणसांनी काढलेला आहे.

दुसरं कोडं मात्र याने सुटत नाही. ते मला २०२२ मध्ये पडलं होतं. त्या वर्षीचा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला: भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबई. आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. एकही गोल आपल्या नावावर लागला नाही. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, स्पेन विरुद्ध कोलंबिया. आम्ही काही शिक्षिका मिळून शाळेच्या मुलींना घेऊन गेलो. दिवाळीची सुट्टी, गाडीत चकल्यांचे डबे. स्पेनकडे विकी लोपेझ होती, सोळा वर्षांची. उपांत्यपूर्व फेरीत जपानविरुद्ध संघ मागे असताना शेवटच्या काही मिनिटांत तिने दोन गोल मारून सामना फिरवला होता. स्पर्धेतली सर्वोत्कृष्ट खेळाडूही तीच ठरली. आमच्या मुली तिचा गोल बघायला आल्या होत्या. सामना तिच्या गोलने ठरला नाही. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका बचावपटूकडून चेंडू आपल्या जाळ्यात गेला. सेल्फ गोल. स्पेन १-०.

त्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही. निकालाच्या कागदावर ते कायमचं आहे, तेवढं पुरे. तिला ते करायचं नव्हतं; उलट ती तो गोल वाचवायला आली होती. ज्यांना गोल करायचा होता त्यांना तो करावाच लागला नाही आणि चषक मिळाला. परतीच्या वाटेवर आमच्या मुलींचं एकच: "मॅडम, तिची काय चूक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'जसं करावं तसं भरावं' हे वाक्य आमच्या घराघरांत म्हटलं जातं, आणि इथे डोळ्यांदेखत एकीने केलं नव्हतं ते तिला भरावं लागलं.

आबांनी अठरावा अध्याय काढला. कोणत्याही कर्माची तिथे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. एवढं असताना जो 'मीच एकट्याने केलं' म्हणतो त्याला दिसतच नाही, असं गीता म्हणते. मी म्हटलं, आबा, ही तर गोलची यादी झाली. मैदान, खेळाडू, पाय, अकरा जणींची धावपळ, आणि चेंडूने घेतलेली उसळी. फळ्यावर मात्र एकच नाव लागतं. कार्मोनाचं लागलं म्हणून तिची पूजा, कोलंबियाच्या पोरीचं लागलं म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी. दोन्हीकडे बाकीची चार कारणं पुसलेली. मला वाटतं माऊली सोडायला सांगतात ती ही पाटी. एर्मोसोने काय केलं, या प्रश्नाचंही थोडं उत्तर यातच आहे. पेनल्टी अडवली गेल्यावर खेळ संपलेला नव्हता, आणि त्यानंतरही ती पळत राहिली. कोलंबियाची ती मुलगी पुढे जर्मनीत बायर्न म्युनिककडून खेळायला गेली. नेरूळचा एक क्षण तिच्या खेळाच्या आड कुणी येऊ दिला नाही, तिनेही नाही.

इथवर आबा आणि मी एकत्र होतो. पुढे आमचं वाजतं.

सिडनीला सामना संपल्यावर पदकं देताना स्पॅनिश फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष लुइस रुबियालेस याने मंचावर, सगळ्या जगापुढे, एर्मोसोचं डोकं दोन्ही हातांत धरून तिच्या ओठांचं चुंबन घेतलं. तिने सांगितलं की माझी संमती नव्हती. पठ्ठ्या आधी हटून बसला, मग सप्टेंबरात त्याने राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एर्मोसोने माद्रिदच्या कोर्टात साक्ष दिली आणि कोर्टाने लैंगिक अत्याचाराबद्दल त्याला दोषी धरून १०,८०० युरो दंड केला. स्पेनच्या बायकांनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला तो दिवस आता लोकांना त्या माणसामुळे आठवतो. आबा म्हणाले, "बघ, फळ आपल्या हातात नसतं ते असं." मी म्हटलं, हे फळ दैवाने नेलेलं नाही, एका माणसाने नेलंय, आणि त्याला नाव-गाव-पद आहे.

हे मी तावातावाने बोलले, कारण निष्काम कर्म आमच्या मुलींना कोण शिकवतं ते मी बघते. एका स्पर्धेत मुलांच्या संघांना प्रवासखर्च मिळाला आणि मुलींना 'पुढच्या वर्षी बघू' मिळालं. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी मुलींकडे वळून, खेळा, फळाची अपेक्षा ठेवू नका, असं भाषण ठोकलं. वाढप्याने पंगतीला वैराग्य शिकवू नये. आपल्या फळावरची आशा आपण सोडायची असते. दुसऱ्याचं फळ मुठीत धरून त्याला सोड म्हणायला गीतेत कुठेही जागा नाही. स्पेनमध्येही हेच चाललं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये संघातल्या पंधरा जणींनी महासंघाला कळवलं की या परिस्थितीत आम्हाला संघात घेऊ नका. आपल्याकडे त्यांना कुणी तरी नक्कीच म्हणालं असतं, देशासाठी खेळता ना, मग तक्रार कसली?

आणि आई-वडिलांना काय बोल लावू? आमच्याकडे मुलीला दहावीपर्यंत मैदानावर सोडतात ते बोर्डाच्या निकालात खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून. बाप येऊन स्पष्ट विचारतो, "मॅडम, जिल्ह्याला गेली तर किती मार्क?" मला त्याचा राग येत नाही. उसाचं बिल कधी येईल याची वाट बघणारा माणूस आहे तो. फळ विचारल्याशिवाय त्याचं घर चालत नाही. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के जागा आहेत हे मीच त्याला सांगते, म्हणजे फळ दाखवून मुलीला कर्माकडे ओढते. डावखुरीचे वडील त्यावरच तयार झाले. याला आबा लबाडी म्हणतात. असू दे. आधी मैदानावर तर येऊ दे तिला, विरक्ती तिची ती शिकेल.

सिडनीच्या त्या प्रकारानंतर एर्मोसो ऑक्टोबर २०२३ मध्ये संघात परतली आणि इटलीविरुद्ध शेवटच्या मिनिटांत गोल मारून स्पेनला १-० ने जिंकवून गेली. मी तो गोल फोनवर बघितला आणि ओरडले. आबांनी विचारलं, आता हुरळायचं नाही, याचं काय झालं? मी त्यांना त्यांच्याच पोथीच्या शेवटच्या पानांची आठवण करून दिली. नऊ हजारांवर ओव्या सांगून झाल्यावर, त्यात जागोजागी फळाची आशा सोडा म्हणून झाल्यावर, माऊली अखेरीला काय करतात? मागतात. पसायदान मागतात, ते सगळ्यांसाठी, आणि चांगलं भरभरून. मागायला त्यांना संकोच वाटला नाही. स्वतःपुरतं मागितलं नाही एवढंच.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मी तोवर शाळेचं क्रीडा साहित्याचं मागणीपत्र भरायला घेतलं होतं. पाच नंबरचे चेंडू सहा, गोलच्या जाळ्या दोन, मुलींच्या मापाचे बूट सोळा जोड, प्रवासखर्च मुलांच्या संघाइतकाच. आबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "मोजे राहिले. आणि जाळ्या चार लिही, दोन कापतील."